घाटाची रेघ आखणारे बर्कलेसाहेब

मुंबईहून नाशिककडे निघालेली आगगाडी आसनगाव सोडून आटगाव, खर्डी या बाजूस आली, म्हणजे नेहमीचे उतारू खिडकीबाहेर पाहण्याचे सोडून देतात. पाहण्यासारखे जे काही आहे ते कसाऱ्याच्या पुढे, अशी त्यांची खात्री असते. बोगदे तेथे, दऱ्या तेथे. झोपलेल्या मुलांना जागे करावयाचे तेही कसारा आल्यावर. खर्डी हे आपले मधले, रानातले स्थानक. एका अंगास भातसेचे खोरे, दुसऱ्या अंगास तानसा आणि तिच्या पलीकडे वैतरणा. येथून गाडी जाते ती सपाटीवरूनच जाते, असे डब्यात बसलेल्याला वाटते.

ते खरे नव्हे. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंचीवर आहे, आणि कसारा ते इगतपुरी हा जो थळ घाट, त्याचा चढ मूळच्या आखणीप्रमाणे 972 फुटांचा. म्हणजे उरलेली निम्मी उंची गाडी कसाऱ्यास पोहोचण्यापूर्वीच चढून आलेली असते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी असे करीत, कोणाच्या ध्यानी न येता, ती सारखी वर सरकत असते. घाटाचे पहिले अर्ध शहापूर तालुक्याच्या या पठारात दडलेले आहे, आणि त्याला घाट असे कोणी म्हणत नाही. डोळ्यांना न दिसणारा हा चढ दुर्बिणीने मोजून ज्यांनी त्याचा उपयोग करून घेतला, त्या जेम्स जॉन बर्कले यांचे चरित्र म्हणजे मोठ्या अंशी या डोंगराच्या मोजणीचीच हकीकत होय.

बर्कले यांचा जन्म लंडनच्या हॉलोवे भागात 21 ऑक्टोबर 1819 रोजी झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण, नंतर एका इंजिनिअराच्या हाताखाली उमेदवारी, आणि 1839 पासून रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे काम, असा त्यांचा आरंभीचा क्रम आहे. स्टीफन्सन हे आगगाडीच्या विद्येतील त्या काळचे मोठे गुरुकुलच. तेथे जे शिकावयाचे ते बर्कले शिकले. परंतु इंग्लंडातील टेकड्या आणि सह्याद्री यांत अंतर फार. 1849 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने त्यांना आपले मुख्य इंजिनिअर नेमले, आणि फेब्रुवारी 1850 मध्ये ते मुंबईस उतरले. वय तीस वर्षांचे. पुढे ज्या डोंगराशी गाठ पडावयाची होती, तसा डोंगर चढणारी आगगाडी त्या वेळी हिंदुस्थानात तर नव्हतीच, पण युरोपातही नव्हती म्हटले तरी चालेल. ऑस्ट्रियातील झेमरिंग खिंडीतून जाणारा प्रसिद्ध लोहमार्ग पुरा झाला तो 1854 मध्ये.

मुंबई ते ठाणे ही पहिली 21 मैलांची वाट 16 एप्रिल 1853 रोजी सुरू झाली. त्या दिवसाची वर्णने इतक्या वेळा छापली गेली आहेत की त्यांची येथे पुनरुक्ती नको. इंजिनिअराच्या दृष्टीने तो सोपा भाग होता. 1854 मध्ये गाडी कल्याणास आली आणि तेथे खरा प्रश्न उभा राहिला. कोकणची पट्टी संपते, आणि समोर उत्तर-दक्षिण पसरलेली काळ्या दगडाची भिंत. खानदेश व वऱ्हाडचा कापूस, तसाच दख्खनचा माल बंदरावर यावयाचा तर ही भिंत ओलांडलीच पाहिजे. ती ओलांडावयाची कोठे?

या प्रश्नाला एक उत्तर बर्कले येण्यापूर्वीच देऊन ठेवलेले होते. 1845 च्या सुमारास, कंपनीची जुळवाजुळव चालू असता, तिच्या प्रवर्तकांच्या मनात जो मार्ग होता तो माळशेज घाटाचा. कल्याणहून मुरबाडच्या बाजूने जाऊन माळशेज चढावयाचा, आणि वर पोहोचल्यावर एक फाटा उत्तरेस व एक दक्षिणेस काढावयाचा. कागदावर हा बेत मोठा देखणा दिसतो. घाट एकच, खर्च एकदाच, आणि दोन्ही दिशांचा व्यापार हाती. इतिहासाचीही त्याला साक्ष होती. माळशेजच्या शेजारचा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता होता. नागनिकेचा शिलालेख असलेले तेथील लेणे आणि वाटेवरचे दगडी रांजण पाहिले, म्हणजे कोकणातून देशावर जाण्याचा राजमार्ग तो हाच, असे कोणालाही वाटावे.

पण बैलाचा मार्ग निराळा आणि इंजिनाचा मार्ग निराळा. ओझ्याचा बैल पायऱ्या चढतो. तो दमला तर थांबतो, आणि वाट जेथे अरुंद होते तेथे एकामागे एक चालतो. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक फिरवीत वर जावयाचे, तर चढ एका ठराविक मर्यादेबाहेर जाऊन चालत नाही. बर्कले यांनी सह्याद्रीसाठी स्वीकारलेली मर्यादा 37 फुटांस 1 फूट ही होती. त्याहून उभा चढ झाला की त्या काळच्या इंजिनाने फार तर स्वतःला वर न्यावे, गाडीला नव्हे. हा एक आकडा मनात ठेवला म्हणजे पुढचे सारे उलगडते. हजार फूट चढावयाचे तर निदान सात मैलांची वाट हवी. ही सात मैलांची वाट डोंगराच्या अंगावर कोठे तरी मावली पाहिजे. म्हणून घाट किती उंच आहे यापेक्षा त्याच्या अंगावर लांबी किती सापडते, हा इंजिनिअराचा प्रश्न असतो.

माळशेजला ती लांबी सापडत नाही. मुरबाडच्या मुलुखातून जाणारी जमीन डोंगराच्या मुळापर्यंत सखलच राहते आणि मग कडा एकदम उभा राहतो. जवळजवळ सारा चढ एकाच जागी येऊन कोसळतो. थळ घाटाकडे प्रकार उलटा आहे. तिकडे वासिंदच्या पुढे जमीनच हळूहळू वर चढत जाते. नद्यांच्या खोऱ्यांमधला उंचवटा धरून गेले तर थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाता येते, आणि तो पायथाच साडेनऊशे फुटांच्या आसपास असतो. खर्डीचे पठार म्हणजे निसर्गाने घातलेला भरावच म्हणावयाचा. दक्षिणेकडे बोर घाटात असा भराव नव्हता, परंतु पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंत डोंगराच्या सोंडा होत्या. त्यांच्या कडेकडेने वाट लांबविता येत होती. एक घाट दोन्ही दिशांना, हा सुबक विचार पाहणीअंती मागे पडला. उत्तरेच्या व्यापारास थळ आणि दक्षिणेच्या व्यापारास बोर, असे दोन घाट ठरले. दुहेरी खर्चाचा मार्ग पसंत करावयास लावणारा मोजणीदार कोणत्याही कंपनीस प्रथम आवडत नाही. भागीदार लंडनात बसलेले, आणि त्यांना कडा दिसत नव्हता.

आता ही मोजणी होत कशी असे, हे थोडे सांगितले पाहिजे. डोंगराचे नकाशे त्या काळी अगदीच नव्हते असे नाही. कर्नल विल्यम लॅम्टन यांनी 1802 मध्ये मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या ज्या महान पाहणीस आरंभ केला, ती करीतच ते उत्तरेस सरकत गेले, आणि 1823 मध्ये वऱ्हाडच्या सीमेजवळ हिंगणघाट येथे त्यांनी देह ठेवला. त्या परंपरेतील मोजणीदार शिखरावरून शिखराकडे पाहतो. त्याला डोंगराचे माथे हवे असतात, आणि मधली दरी त्याची दृष्टी अडवीत नाही, तोवर तिच्याशी त्याला कर्तव्य नसते. रेल्वेच्या मोजणीदाराचे काम नेमके येथे सुरू होते. कळसूबाईचे शिखर 5,400 फूट उंच आहे, हे कळून त्याचे काही भागत नाही. त्याला तिच्या पश्चिमेच्या कड्यातील प्रत्येक घळ, प्रत्येक ओढा, प्रत्येक सोंड यांची उंची हवी असते. आणि ती काही शिखरावर उभे राहून मिळत नाही.

म्हणून तो चालतो. पावसाळ्यात येथे शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा काम बंद. पाऊस सरल्यावर गवत पुरुषभर वाढलेले असते आणि तापाचे दिवस असतात. गवत वाळून रान मोकळे होते तोवर पाण्याची टंचाई सुरू होते. या मधल्या अवधीत जे होईल ते करावयाचे. साखळीने अंतर मोजावयाचे, दुर्बिणीने सपाटी पाहावयाची, पुढे मापनाची काठी घेऊन माणूस पाठवावयाचा; तो जेथे उभा राहील तेथली उंची वहीत टिपावयाची, खुंटी मारावयाची आणि पुढे सरकावयाचे. कड्याच्या अंगावर जेथे पाय ठरत नाही तेथे वरून दोर सोडून माणसे उतरवावी लागत. एवढे केल्यावर वाट मिळते असेही नाही. चार महिने खपून आखलेली रेघ शेवटी एका घळीपाशी येते. तेथे पूल घालावा तर दोनशे फूट खोल, वळसा घ्यावा तर वळण अतितीव्र, आणि बोगदा काढावा तर त्याचे दुसरे तोंड हवेत. मग ती रेघ पुसावयाची आणि पुन्हा खालपासून निघावयाचे. घाटातील रेघ वरून खाली आखावी की खालून वर, यावरही दिवस दिवस विचार होई. कारण माथ्याची खिंड एकच असते, पायथा मात्र पसरलेला असतो.

हे सारे बर्कले यांनी स्वहस्ते केले असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या हाताखाली इंजिनिअरांचे पथक होते. त्या पथकाच्याही पुढे आणखी कोणी चालत होते. काठी घेऊन कड्यावर उभा राहणारा, दोर बांधून खाली उतरणारा, पाणी कोठे आहे आणि कोणत्या नाळेने गुरे वर जातात ते दाखविणारा माणूस याच रानातला असणार. शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरात ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांच्याखेरीज वाट दाखवावयास होते कोण? त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यात सही असते ती इंजिनिअराची. ही रीत सर्व देशांत आहे, म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

सोंडेच्या टोकाशी जागा संपते आणि वळणास वाव नसतो, या अडचणीवर बर्कले यांनी योजलेला उपाय त्यांच्या बुद्धीची साक्ष देतो. गाडीने सोंडेवर सरळ जावयाचे, तेथे थांबावयाचे, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावावयाचे, आणि उलट दिशेने पुढचा चढ चढावयाचा. शेपटाचे तोंड व तोंडाचे शेपूट! असे उलटण्याचे स्थानक दोन्ही घाटांत झाले. उतारूंना त्याचे मोठे कौतुक वाटे. विसाव्या शतकात नवे बोगदे काढून ही उलटापालट बंद करण्यात आली. मात्र चढावर गाडीस जादा इंजिनांचा जोर देण्याचा परिपाठ कसाऱ्यास त्यानंतरही चालू राहिला, कारण चढ आहे तो आहेच.

अखेरीस कागदावर जी रेघ ठरली तिचे माप असे. थळ घाट सव्वानऊ मैलांहून किंचित अधिक लांब, 13 बोगदे, 6 मोठे पूल. त्यांतील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे 180 फूट उंच. बोर घाट याहून मोठा. लांबी पावणेसोळा मैलांहून थोडी अधिक, चढ 1,831 फूट, 25 बोगदे, 8 मोठे पूल. थळ घाटाचा सरासरी चढ काढला तर तो सुमारे 50 फुटांस 1 फूट पडतो, बोर घाटाचा 46 फुटांस 1. ज्यांना या तुलनेचे मर्म कळेल त्यांना खर्डीच्या पठाराची किंमतही कळेल. बोर घाटाला जे ओझे एका दमात उचलावे लागले, त्यातील बराच भाग थळ घाटाच्या वाटेवर या पठाराने आधीच उचललेला होता.

रेघ कागदावरून दगडात उतरली ती मात्र फार महाग पडली. बोर घाटाचे काम 1856 मध्ये सुरू झाले, आणि 1861 मध्ये तेथे एका वेळी 40,000 हून अधिक माणसे राबत होती. सुरुंग, दरडी, ताप आणि पटकी यांनी त्यांतील हजारो माणसे नेली. कड्याच्या अंगावर छपरे घालून राहणाऱ्या या लोकांना चांगले पाणी नव्हते, पुरेसा निवारा नव्हता. इंजिनिअराच्या आखणीत दगड किती फुटावयाचा याचा हिशेब असतो. माणसे किती पडावयाची याचा हिशेब कोणत्याच रकान्यात नव्हता. बांधकामही सर्वत्र निर्दोष होते असे नाही. बोर घाटातील एक मोठा दगडी पूल 1867 च्या पावसाळ्यात कोसळला. रेघ बरोबर होती, गवंडीकाम बरोबर नव्हते. बर्कले यांचे चरित्र सांगताना या गोष्टी गाळल्या तर ते चरित्र राहणार नाही, नुसती प्रशस्ती होईल.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदली पाहिजे. कामे येथल्या लोकांच्या हाती देण्यास ते कचरत नसत. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी या रेल्वेची मोठमोठी कामे कंत्राटाने घेऊन नीट पार पाडली, आणि बर्कले यांनी त्यांची वाखाणणी केली. आपली विद्या झाकून ठेवण्याचाही त्यांचा स्वभाव नव्हता. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे त्यांनी 1857 मध्ये बोर घाटावर आणि 1860 मध्ये थळ घाटावर निबंध वाचले. काम अर्धवट असता, ते फसण्याची भीती डोक्यावर असता, त्याची साद्यंत हकीकत नागरिकांपुढे मांडावयास धैर्य लागते. लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढेही त्यांनी हिंदुस्थानातील रेल्वेवर निबंध सादर केला.

शहापूर तालुक्यातील वाट दरम्यान पुढे सरकत होती, पण फार सावकाश. वासिंदपर्यंत गाडी 1855 मध्ये आली. तेथून आसनगाव काही मैलांवर. तेवढ्यास 1860 उजाडले. मधल्या दऱ्या आणि ओढे ओलांडण्यात ती वर्षे गेली. 1 जानेवारी 1861 रोजी आसनगाव ते कसारा हा भाग खुला झाला, आणि खर्डीच्या रानातून पहिली उतारूगाडी धावली. पुढे कसाऱ्यास उतरून घाट गाडीरस्त्याने चढावयाचा आणि वर जाऊन पुढील प्रवासाची सोय पाहावयाची, असे चार वर्षे चालले.

बर्कले यांची प्रकृती त्यापूर्वीच खचू लागली होती. इतक्या वर्षांच्या या हवेने आणि दगदगीने त्यांना पोखरले होते. बाराशे मैलांहून अधिक लांबीच्या मार्गाची योजना त्यांच्या डोक्यावर होती. इंग्लंडास परतल्यानंतर लंडनजवळ सिडनम येथे 25 ऑगस्ट 1862 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. बोर घाटातून गाडी गेली ती 1863 मध्ये, आणि थळ घाटातून 1 जानेवारी 1865 रोजी. आपण आखलेल्या दोहोंपैकी एकाही घाटातून गाडी वर जाताना त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी सुवर्णपदक ठेवण्यात आले.

माळशेजच्या पायथ्याचा मुलूख मात्र रेल्वेवाचून राहिला. ज्या मुरबाडवरून एके काळी दोन्ही दिशांची गाडी न्यावयाची होती, तेथल्या लोकांनी कल्याणास बैलगाडीने आणि पुढे मोटारीने यावे, हे त्या मोजणीने ठरविले. रेल्वेची त्यांची मागणी विसावे शतक संपून एकविसावे लागले तरी चालूच होती. खर्डीचे वाण्याचे दुकान, वखारीतले लाकूड, मुंबईस नोकरीसाठी जाणारा माणूस हे सारे मात्र त्याच मोजणीने रुळाशी बांधले गेले. पुढे मुंबईची उपनगरी गाडी कसाऱ्यापर्यंत येऊ लागली, तीही याच वाटेने. खर्डीहून सुटल्यावर ती थोडी जोर लावून चालते. डब्यातल्या माणसांना त्याचे कारण सहसा कळत नाही.